दोनशे मीटर दोर

बंद शाळेच्या फळ्यावर कंपनीच्या माणसानं नकाशा चिकटवला.
आमचा डोंगर म्हणजे सात लाल टिंबं.
मग दुसरं चित्र, नंतर कसं दिसेल त्याचं:
कड्यावर सात दातकोरणी,
तीही धुक्यात.
"फारसं काही बदलणार नाही," तो म्हणाला.
मागच्या बाकावरून एलादियो:
"मग एवढी लांब पाती कुणाला दाखवायला?"

आमच्याकडे जुना कायदा आहे, आजोबांच्याही आजोबांचा.
ज्याच्या धुराड्यातून धूर, त्याचा डोंगर.
पेनाल्बात घरं एक्केचाळीस.
धूर अकरांतून.
कंपनीनं ते मोजलं होतं,
बसून, गाडीतून, जानेवारीत.
दुसऱ्या सकाळी सेर्वांदाच्या घरातून धूर आला.
सेर्वांदा जाऊन चार वर्षं झाली.
चूल कुणी पेटवली ते कुणीच विचारलं नाही,
फक्त ओब्दुलियाच्या बाहीला काजळी होती.

मी सभेत हात वर केला नाही.
कुठल्याच बाजूनं.
माझा बाप खालच्या खोऱ्यातल्या वीजघरात
एकोणतीस वर्षं कोळसा ढकलत होता.
आई वाळलेल्या चादरी झटकायची
आणि अंगणात राखेचा एक दुसराच ढग.
शेवटी शेवटी तो जिन्यात तीनदा थांबायचा,
कठड्याला म्हणायचा, "जरा बोलू या."
त्याला वाटायचं आम्हाला ऐकू येत नाही.

तरी दोर धरायला मला बोलावलं,
कारण माझे हात मोठे आहेत.

फुगा पोस्टानं आला. लाल, हवामानवाल्यांचा.
दोर बंदरावरून, सार्डिनचा वास न गेलेला.
वर्गणीत फर्मिननं अंडी दिली, दोन डझन.
ठरलं असं की फुगा पात्याच्या टोकाइतका वर न्यायचा,
दोनशे मीटर,
आणि शहरातल्या वार्ताहराला म्हणायचं, बघ.
डोळ्यांनी बघ.

शनिवारी वारा सुटला.
फुगा वर जाईना.
वाऱ्यानं त्याला आडवं केलं, उतारावर लोळवलं,
घोड्या कान पाडून पांगल्या,
दोर सगळा संपला
आणि लाल गोळा चर्चच्या घंटेखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर.
ज्या वाऱ्यासाठी एवढं भांडण
त्यानंच साक्ष फिरवली.
वार्ताहरानं फोटो घेतला, नाइलाजानं.
दोर ओढायला कंपनीचा माणूसही धावला,
चांगले बूट चिखलात घालून.
एलादियो त्याला म्हणाला, "आभार,"
आणि मग बराच वेळ खोकला.

रात्री फुगा आमच्या गोठ्यात होता,
गाईंपासून जरा लांब, छताला टेकलेला.
मला झोप नव्हती.
साडेपाचला बाहेर आले तर
पानही हलत नव्हतं.

एकटीनं डोंगरावर नेला.
तोशोच्या पिवळ्या काट्यांतून वाट काढत,
डोक्यावर तो, माझ्यापेक्षा उतावळा.
सोडत गेले.
पन्नास. शंभर, जिथं मी गाठ मारली होती.
मग गाठीच्या वर अजून तेवढंच.
मान मागे गेली, डोकं हलकं झालं.
वर त्याला ऊन लागलं तेव्हा
गावात अजून रात्र होती.

बघायला कोण? दोन घोड्या आणि मी.
खाली अकरा घरं, आणि एक मेलेलीचं,
तिथूनही बारीक धूर सरळ वर, कुठं न वळता.
आणि खोऱ्याच्या तोंडाशी
बापाची चिमणी, थंडगार,
फुग्यापेक्षा ठेंगणी वाटली.
हे कुणाला सांगू, कसं सांगू.

उतरवायला एक तास लागला.
तळहात सोलले.
उद्या मतदान आहे.
दोनदा साबण लावला,
सार्डिनचा वास जात नाही.